चौकट क्रमांक दोन

आवर्तसारणी मी कधी हायड्रोजनपासून शिकवली नाही. पहिल्या चौकटीला लांबून नमस्कार करायचा आणि सरळ उजव्या टोकाला, दुसऱ्या क्रमांकाच्या चौकटीपाशी जाऊन थांबायचं. हेलियम. मूलद्रव्यं आज 118 आहेत, पण जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचं नाव घेऊन ज्याची गोष्ट सांगता येते ते हे. आणि ज्याच्याबद्दल आपल्याकडे सर्वांत जास्त चुकीचं सांगितलं जातं तेही हेच.

बुरोंडी हे दापोली तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. बाहेरचे लोक इथे येतात ते परशुरामाचा पुतळा बघायला, नाहीतर शेजारी लाडघरच्या तांबूस किनाऱ्यावर. माझ्या वर्गात निम्मी मुलं मासेमारीच्या घरांतली असायची, बाकीची वाड्यांवरची. भिंतीवर कापडी तक्ता होता, वरच्या पट्टीला सुतळी बांधलेला. त्यावर मूलद्रव्यं 103. बाहेरच्या जगात शेवटची चार नावं 2016मध्ये पक्की होऊन सातवी ओळ पुरी झाली, तरी आमचा तक्ता लॉरेन्शियमपाशीच थांबलेला. तो उलगडला की पहिला प्रश्न ठरलेला असे : "सर, ह्यां सगळां पाठ करूचां?" इतक्या चौकटी एकदम पाहिल्यावर दुसरं काय सुचणार? आठवीत 'अणूचे अंतरंग', दहावीत 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण'. मध्ये एक अख्खं वर्ष. अणूच्या आत काय आहे ते विसरल्यावर अणूंची यादी समोर येते. मग मुलं यादीच पाठ करतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

म्हणून मी मिठापासून सुरुवात करायचो. मासे खारवणाऱ्या गावात जाड्या मिठाला तोटा नाही. स्पिरिटचा दिवा पेटवायचा, ओल्या तारेच्या टोकाला मिठाचे चार कण चिकटवून ज्योतीत धरायचे. ज्योत पिवळीधमक होते. हा रंग मिठातल्या सोडियमचा. जुन्या सीडीचा तुकडा आणि बुटांचा खोका यांपासून केलेल्या नळकांड्यातून ती ज्योत बघितली की इंद्रधनुष्याचा पट्टा फिका पडतो आणि पिवळ्या जागी एक ठळक रेघ दिसते. चांगल्या उपकरणात ती एक नसून जोडी असते, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर. बुन्सेन आणि किरखोफ या जर्मन जोडगोळीने 1860च्या सुमारास दाखवून दिलं, की तापलेल्या वायूत प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांच्या जागा ठरलेल्या असतात. त्या रेघांवरून त्यांनी सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यं शोधलीसुद्धा. म्हणजे पदार्थ हातात नसला तरी चालेल, त्याचा उजेड हातात आला म्हणजे पुरे. आणि उजेड तर सूर्याकडूनही येतो.

इथवर आलं की मी तारीख फळ्यावर लिहायचो : 18 ऑगस्ट 1868, मंगळवार. श्रावणातली अमावस्या आणि खग्रास सूर्यग्रहण. अरबी समुद्रावरून आलेली सावली दक्षिण कोकण ओलांडून जमखंडी, विजापूर, गुंटूर आणि मच्छलीपट्टणमवरून बंगालच्या उपसागरात गेली. या ग्रहणाची तयारी युरोपात आधीपासून चालली होती. सूर्यबिंब झाकलं गेलं की त्याच्या कडेला लालसर ज्वाळा दिसतात. त्या कशाच्या बनल्या आहेत, हे वर्णपटदर्शकातून पहिल्यांदाच पाहता येणार होतं. फ्रान्सहून आलेले ज्यूल जान्सेन गुंटूरला बसले, मेजर टेनंट यांचं पथकही तिथेच होतं. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणमला, आणि त्यांच्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला. जमखंडीला होते लेफ्टनंट जॉन हर्शेल, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचे नातू.

आता आपल्याकडची कथा. दर 18 ऑगस्टला मोबाइलवर संदेश फिरतात, की नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने 1868 साली विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. किल्ल्यावर त्या दिवशी कार्यक्रमही होतो. किल्ल्यात दगडी चौथरे आहेत, गावकरी त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात, आणि ते दाखवून ही गोष्ट सांगितली जाते. विजयदुर्ग आज सिंधुदुर्गात असला तरी 1981पर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्यातच होता. त्यामुळे हा अभिमान आमच्या दापोलीपर्यंत पोहोचलेला आहे.

अडचण एकच. 18 ऑगस्ट 1868 रोजी लॉकियर इंग्लंडमध्ये होते.

खरं तर कोकणातल्या माणसाला एवढं सांगायचीही गरज पडू नये. श्रावणात विजयदुर्गाच्या बुरुजावर दुर्बीण मांडून कोण बसेल? आमच्याकडे त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, सूर्य दिसला तर बायका घाईघाईने कपडे वाळत घालतात. घाट ओलांडून पार जमखंडीला गेलेल्या हर्शेलनाही ढगांनी छळलं. त्यांना ग्रहण फटीफटीतून दिसलं. तेवढ्यात त्यांनी ज्वाळांच्या तीन रेघा टिपल्या : लाल, नारिंगी आणि निळी. लाल आणि निळी हायड्रोजनच्या. नारिंगी रेघ त्यांनी सोडियमची धरली.

ती सोडियमची नव्हती. 1868च्या ग्रहणाशी मराठी मुलखाचं खरं नातं आहे ते या जमखंडीत. जमखंडी हे पटवर्धनांचं संस्थान, आणि पटवर्धन मूळचे रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. अभिमानच हवा असेल तर तो इथे ठेवावा. पण जमखंडी आज कर्नाटकात आहे, तिथे किल्ल्यावरून समुद्र दिसत नाही, आणि म्हणून तिची आठवण कोणी काढत नाही.

जान्सेननी त्या दिवशी एक वेगळीच गोष्ट हेरली. ज्वाळांच्या रेघा इतक्या तेजस्वी होत्या, की त्या पाहायला ग्रहण कशाला हवं, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी लख्ख सूर्य असताना त्यांनी त्या गुंटूरला पाहिल्याही. इकडे लंडनमध्ये लॉकियर याच कल्पनेवर दोन वर्षं बसून होते, पण उपकरण तयार होऊन येत नव्हतं. ते आलं, आणि 20 ऑक्टोबर 1868 रोजी त्यांनीही ग्रहणाविना ज्वाळांचा वर्णपट पाहिला. दोघांच्या शोधाची खबर पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पोहोचली एकाच दिवशी. फ्रेंच सरकारने पुढे एक पदक पाडलं, त्यावर दोघांचे मुखवटे शेजारी शेजारी आहेत. शास्त्रज्ञांच्या भांडणांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हे पदक जरूर लक्षात ठेवावं.

लॉकियरना पिवळी रेघ दिसली ती 587.6 नॅनोमीटरच्या जवळ. सोडियमच्या जोडीला खेटून, पण तिच्यावर नव्हे. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्याबरोबर त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजन निरनिराळ्या दाबाखाली तपासला. ही रेघ काही उमटेना. तेव्हा सूर्यावर काही अनोळखी मूलद्रव्य आहे, असं लॉकियर म्हणू लागले, आणि सूर्यावरूनच त्याला हेलियम हे नाव पडलं. पृथ्वीवर नसलेल्या वस्तूचं बारसं झालं म्हणून पुष्कळांनी थट्टा केली. ही थट्टा 27 वर्षं चालली.

मेंडेलीव्ह यांची आवर्तसारणी 1869ची. म्हणजे पिवळी रेघ आधीची आणि तक्ता नंतरचा. तरीही तक्त्यात हेलियमला जागा नव्हती. मेंडेलीव्हनी ज्ञात असलेली 63 मूलद्रव्यं अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने आणि गुणधर्मांच्या मेळाने मांडली, रिकाम्या जागा सोडल्या, त्या जागी काय सापडेल याचं भाकीत केलं. गॅलियम 1875ला, स्कँडियम 1879ला आणि जर्मेनियम 1886ला सापडून त्या जागा भरून निघाल्या. पण त्या रिकाम्या जागा ओळींच्या मधल्या होत्या. अख्खा एक उभा गणच हुकला आहे, हे मेंडेलीव्हनाही दिसलं नव्हतं. दिसणार कसं? त्या गणातलं एकही मूलद्रव्य सहजासहजी कोणाशी संयोग पावत नाही, त्यामुळे रसायनशास्त्रज्ञाच्या परीक्षानळीत ते स्वतःहून येतच नाही.

ते आलं विल्यम रॅम्झी यांच्यामुळे. 1894 साली लॉर्ड रॅली यांच्यासह त्यांनी हवेतून आर्गॉन वेगळा केला. पुढच्याच वर्षी आर्गॉनच्या शोधात त्यांनी क्लीव्हाइट नावाचं युरेनियमचं खनिज आम्लात टाकलं, निघालेला वायू नळीत भरून वर्णपट पाहिला, तर तीच पिवळी रेघ. विल्यम क्रूक्सनी मोजून खात्री करून दिली. सूर्यावरचं मूलद्रव्य दगडात निघालं. मेंडेलीव्ह सुरुवातीला हा नवा गण मानायला तयार नव्हते, पुढे त्यांनी तो शून्य गण म्हणून तक्त्यात घेतला. 1898 साली रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांनी क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन एकाच वर्षात काढले. हे रॅम्झी पुढे हिंदुस्थानात आले होते. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी बंगळूर योग्य, ही शिफारस त्यांचीच.

निऑन दाखवायला मी वायरमनकडचा टेस्टर मागून आणायचो. त्याच्या मुठीत नारिंगी चमकतो तो निऑनच, हेलियमचा धाकटा भाऊ. बुरोंडीतल्या प्रत्येक घरात आवर्तसारणीची ही एक चौकट असते, आणि शेतावरच्या खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश अशा आणखी तीन. जांभ्या दगडाच्या लाल रंगात लोह आहे आणि त्याच्या सोबतीला ॲल्युमिनियम. एवढं मुलांनी आपणहून गोळा केलं, की तक्त्याची भीती पुष्कळ कमी होते.

अणूच्या आत शिरायलाही मला हेलियमच उपयोगी पडला. 1897 साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला. त्या वर्षी केंब्रिजमध्येच सेंट जॉन्स कॉलेजात आमच्या तालुक्यातला मुर्डीचा एक मुलगा गणित शिकत होता : रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, 1899चे सीनियर रँग्लर. त्यांचा इलेक्ट्रॉनशी संबंध नाही, हे मी वर्गात स्पष्ट सांगायचो. तरीही मुर्डीचं नाव निघालं की मागच्या बाकावरची मुलं मान वर करायची, आणि मला तेवढंच हवं असायचं.

नंतर रुदरफोर्ड. किरणोत्सारी पदार्थांतून बाहेर पडणारा अल्फा कण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियमचा अणू आहे, हे त्यांनी रॉइड्स या सहकाऱ्याबरोबर पक्कं केलं. म्हणजे क्लीव्हाइटमध्ये हेलियम का सापडला, त्याचं उत्तर मिळालं. त्या दगडातलं युरेनियम युगानुयुगं अल्फा कण सोडत होतं. प्रत्येक कणाने आजूबाजूचे दोन इलेक्ट्रॉन उचलले आणि तो हेलियम होऊन दगडातच अडकून राहिला. याच अल्फा कणांचा मारा गायगर आणि मार्सडन यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर केला. बहुतेक कण आरपार गेले, काही थोडे उलटे फिरले. त्यावरून 1911मध्ये रुदरफोर्डनी निष्कर्ष काढला, की अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान मधल्या इवल्याशा केंद्रकात आहे. केंद्रक करवंदाएवढं धरलं तर अणूची हद्द अर्धा-पाऊण किलोमीटरवर जाते, आणि मधे सगळी मोकळी जागा. हे वाक्य ऐकून मुलं हसतात. हसली म्हणजे ऐकलं.

1913मध्ये मोस्ले या तरुणाने क्ष-किरणांच्या वर्णपटावरून दाखवलं, की तक्त्यातला खरा क्रम वस्तुमानाचा नसून केंद्रकावरच्या धनप्रभाराचा आहे. मेंडेलीव्हना काही जागी वस्तुमानाचा क्रम मोडून मूलद्रव्यं बसवावी लागली होती. आर्गॉन पोटॅशियमपेक्षा जड असून त्याच्या आधी का, हाही घोळ होताच. अणुअंकाने तो मिटला. न्यूट्रॉन त्यानंतर, चॅडविक यांच्याकडून, 1932 साली. आता फळ्यावर हेलियमचा अणू काढता येतो : दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, बाहेर दोन इलेक्ट्रॉन. पहिल्या कवचात दोनच मावतात, ते भरलं, म्हणून हा गडी कोणाकडे काही मागत नाही आणि कोणाला काही देत नाही. शेजारच्या ओळीत लिथियमचा तिसरा इलेक्ट्रॉन नव्या कवचात जातो आणि सारणीची नवी ओळ सुरू होते. ओळ का संपते, हे हेलियमपाशीच कळतं. हायड्रोजनपासून सुरू केलं, तर ही गोष्ट सांगायला मुहूर्तच सापडत नाही.

मराठीतून हे शिकवायची वाट काही आम्ही पाडलेली नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकातच मराठीत रसायनशास्त्राची पुस्तकं लिहिली, तीही हेलियम अजून सूर्यावरच होता त्या काळात. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना 1966ची. पण पुस्तकातला इतिहास एका ओळीत उरकतो. कोणी शोधलं, कधी शोधलं, दोन गुण. या ओळीच्या फटीत मग मोबाइलवरची कथा घुसते.

आता विजयदुर्गाचं खरं. लॉकियर तिथे आले होते, यात शंका नाही. पण ते 1898 साली. त्याआधी 12 डिसेंबर 1871च्या ग्रहणालाही ते हिंदुस्थानात आले होते, तेव्हा त्यांचा मुक्काम मलबार किनाऱ्यावरच्या बेकल किल्ल्यात होता. 22 जानेवारी 1898, शनिवार, पौष अमावस्या. या वेळी सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढली आणि ईशान्येकडे निघाली. वाटेवर सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला उपकरणं मांडून बसले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच. विदर्भात पुलगावला आणखी एक इंग्रज पथक. म्हणजे त्या दिवशी अर्धा महाराष्ट्रच वेधशाळा झाला होता, आणि तोही प्लेगच्या दिवसांत, रँडच्या खुनाला वर्षही झालेलं नसताना.

लॉकियर तेव्हा साठी ओलांडलेले होते. त्यांचा हेलियम तीनच वर्षांपूर्वी खरा ठरला होता. 'नेचर' या साप्ताहिकाचे संस्थापक-संपादक म्हणून जगभर नाव झालेलं. विजयदुर्गाला त्यांच्या मदतीला एचएमएस मेल्पोमेनी या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी होते. खग्रास अवस्था दोन मिनिटांच्या आसपास. सूर्यबिंब पूर्ण झाकलं जाताना आणि सुटताना काही क्षणच जो वर्णपट झळकतो, त्याची छायाचित्रं घ्यायची होती. एवढ्या वेळात चूक करून चालत नाही, म्हणून आधीचे दिवस नुसती कवायत : कोणी सेकंद मोजायचे, कोणी काचा बदलायच्या, कोणी प्रभामंडळाचं चित्र काढायचं. तोफा ओढणाऱ्या हातांना दुर्बिणी हाताळायला शिकवलं गेलं. जड उपकरणं हलता कामा नयेत, यासाठी पक्की बैठक हवी. ओट्यांचं प्रयोजन ते. आकाश निरभ्र होतं. जानेवारीत आमच्याकडे ते असतंच.

बुरोंडीला त्या दिवशी खग्रास नव्हतं, नुसती बारीक कोर उरली असणार. गावाने काय केलं असेल, ते मी नक्की सांगू शकतो, कारण पुढच्या पिढ्यांनीही तेच केलं. पाण्यावर तुळशीपत्र, गरोदर बाई आत, ग्रहण सुटल्यावर 'दे दान, सुटे गिराण'ची हाक आणि अंघोळ. 16 फेब्रुवारी 1980च्या ग्रहणाला मी नवीन शिक्षक होतो. खग्रास तिकडे कारवार-अंकोल्याला, आमच्याकडे खंडग्रास. दारं लावून बसलेल्या गावात दोन-चार धीट मुलांना मी आंब्याखाली नेलं. पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे उन्हाचे गोल ठिपके त्या दुपारी चंद्रकोरी झाले होते, शेकडो. वर बघायचीच गरज नव्हती. एका मुलाची आजी हाका मारत आली. तिने खाली पाहिलं, थोडी थांबली, आणि नातवाला घेऊन गेली. म्हणाली काहीच नाही. पुढे त्या घरातली सगळी नातवंडं माझ्या विज्ञानाच्या वर्गात आली, पण त्याचं श्रेय मी चंद्रकोरींना देत नाही. तालुक्याची शाळा लांब होती.

काही जण म्हणतात, सर, कशाला खोडता? मुलांना अभिमान वाटतो, तर वाटू दे. माझं उत्तर एकच असतं. ज्या विषयाचा सारा इतिहास एक रेघ दुसऱ्या रेघेवर बसते की तिच्या शेजारी, एवढ्या बारीक फरकावर उभा आहे, तो शिकवताना 30 वर्षांची चूक चालवून घ्यायची? आणि खरी गोष्ट लहान आहे कुठे? 1868ला जमखंडीत एका माणसाला ढगांच्या फटीतून ती रेघ दिसली आणि ओळखता आली नाही. 1898ला, रॅम्झी लंडनमध्ये सारणीचा शेवटचा गण भरत होते त्याच वर्षी, ज्या माणसाने ती ओळखली तो आपल्या किनाऱ्यावर उभा होता.

तेव्हा शिक्षकबंधू-भगिनींनो, 18 ऑगस्टला हेलियम दिन अवश्य करा, पण वर्गात करा. मीठ जाळा, सीडीचा तुकडा द्या, फळ्यावर गुंटूर आणि जमखंडी लिहा. आणि सहल न्यायची असेल तर 22 जानेवारीला विजयदुर्गला न्या. त्या सुमारास समुद्र शांत असतो, आकाश स्वच्छ असतं, आणि साहेबाच्या ओट्यांवर मुलांना सांगायची तारीखही बरोबर असते.